धवल्यांना लागलेलं कुलूप

राई, दुपार

तीर्थस्वरूप अंबिकाआत्येस,

धनेशचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? राईहून शेजारच्या मुर्ध्याला पत्र लिहिणारा बहुधा मीच पहिला, पण फोन तू कट करतेस. निकेतदादाच्या लग्नात बाबांनी डीजे लावून तुझं धवले गाणं बंद पाडलं, तो तुझा राग मला मान्य आहे. आता आपल्या धाकट्या रुचिताच्या हळदीलाही तू यायची नाहीस असं धरून, मी तुझ्या आवाजात भरून ठेवलेली ती जुनी लग्नाची गाणी लॅपटॉपवरून लावायचं ठरवलं होतं.

तर लॅपटॉप उघडत नाही. आमचं लग्न झाल्यापासून जागृती त्यावर सिरियली बघत बसते, म्हणून मी त्याला अगदी आतलं कुलूप घातलं होतं (चालू करताक्षणीच पासवर्ड मागतं, पुढे सरकूच देत नाही). घातलं ते भर दुपारी, बोंबलाचं कालवण-भात जेवून, ओटीवर. खाडीवरून वारा येत होता, पापण्या मिटत होत्या आणि त्या गुंगीत मला एक शब्द सुचला. इतका सुंदर, की कुणाला म्हणून ओळखता येणार नाही. जाग आल्यावर मलाही आठवेना.

भाईंदर पूर्वेचा दुकानदार म्हणाला, "भाई, बिल लाओ, कंपनीवाले खोल देंगे." बिल कपाटातच होतं, पण मला झोपेचा मार्ग सोपा वाटला. तेव्हापासून रोज तेच कालवण, तीच ओटी, मांडीवर लॅपटॉप. (ऑफिसात काय सांगितलंय ते विचारू नकोस.) मी झोपेत बरळलो तर ऐकायला जागृती उशाशी बसते. एकदा मी म्हणे "मिठागर" म्हणालो, एकदा "कोथिंबीर आणलीस का". दोन्ही घालून पाहिलं. चुकलं की ते यंत्र रुसून बंद पडतं.

खरं सांगू, शब्द येतच नाही, तू येतेस. आता नसलेली मिठागरं पांढरीशुभ्र पसरलेली असतात, बांधावरून तू गात चाललेली, मागे मी तुझा पदर धरून आणि तुझ्या कडेवर एवढीशी रुचिता. पाणी हलत नाही. मी शब्द विचारायला तोंड उघडतो आणि जागृती मला हलवून उठवते. मला फार वाईट वाटतं, आत्या. मग मी चहा पितो.

घरातल्या सगळ्यांना माझा नमस्कार.

तुझा,
धनेश

ता. क. पत्र टाकायचं राहूनच गेलं, आणि लॅपटॉप परवाच उघडला. शेवटी बिल दाखवलं, कंपनीच्या माणसाने बोलता बोलता कुलूप काढलं. दुपारची झोप मात्र चालू ठेवली आहे.

आणखी ता. क. काल गाणी लावली. बाबा जाळं विणत होते, ते थांबले. मग तुझ्यामागून ओळ उचलायला लागले, बेसूरच. मध्येच अडखळले, लॅपटॉप आपला पुढे निघून गेला. मग म्हणाले, "यो थांबत न्हाय. अंबी थांबली असती माज्यासाठी." शनिवारी हळद आहे. सकाळी ते स्वतः तुला न्यायला येतील. आधी त्यांच्याशी मनसोक्त भांड, आणि मग ये.