तुझी पट्टी

प्रिय,

तू बँड आणि घर सोडलंस, त्यानंतर तुझ्या जागी गायला मी लेकीला उभं केलं. ती पंधराची, आम्ही चौघे पन्नाशीपलीकडचे. गाणी तुझीच, पट्टीही तुझीच. तिला ती फार खाली पडते. पण क्लॅरिनेटवाले काका म्हणाले, "माझी बोटं आता दुसऱ्या पट्टीत वळायची नाहीत. पोरगी लहान आहे, तीच वळेल." सगळे हसले. मीही हसलो.

तालमीनंतर तिचा घसा बसतो. परवा म्हणाली, "बाबा, आईचा आवाज काढून काढून माझा कुठे गेला?"

"होईल सवय," मी म्हणालो.

काल भांडी घासताना ती एकटीच गात होती, तुझ्यापेक्षा चार सूर वर. तसा आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही. त्या पट्टीत तिला आमची कोणाचीच गरज नाही. रस्त्यावर ऐकू जाईल म्हणून मी उठून खिडकी लावली.

ती थांबली. नळ बंद करून तिने विचारलं, "बाबा, आई कशी सुटली?"

हे वाचलंस तर तू तिला न्यायला येशील. म्हणून पाकिटावर पत्ता लिहिलेला नाही.

तालमीच्या खोलीतूनच,
मी