शाखेचं कनेक्शन आणि मी

सोमवार, ३ जून. सकाळी १०.१०
आजपासून ऑफिसचं नेटवर्क माझ्या ताब्यात. आधीचे गृहस्थ निवृत्त झाले. जाताना एक वही देऊन गेले, कोणत्या मशीनचा नंबर कोणता याची. नेटवर्कवर प्रत्येक मशीनला नंबर लागतो, गल्लीतल्या घराला लागतो तसा. वही तेलकट, अक्षर मुंग्यांचं, निम्मी पानं सुटलेली. असल्या गबाळेपणावर माझी सिस्टीम उभी राहणार नाही. वही रद्दीत टाकली. माझ्या लॅपटॉपला माझ्या मनाने नंबर दिला, १०. भारदस्त आकडा. स्क्रीनवर इंग्रजीत कसलासा इशारा आला. इशाऱ्यांना नवखे घाबरतात. बंद केला.

दुपारी १२
शाखेतल्या मॅडमचा फोन. त्या दुसऱ्या गावात बसून रिमोटने आपल्या सर्व्हरवर, म्हणजे नोंदींच्या मुख्य मशीनवर, काम करतात. म्हणाल्या, सकाळपासून कनेक्शन येतंय-जातंय, नोंदी अर्ध्यातच उडतायत, आजवर असं कधी झालं नव्हतं. मी त्यांना समजावलं की झालं असणार, पण आजवर बघायला कुणी नव्हतं. त्यांनी फोन ठेवला. पटलं असावं.

मंगळवार, ४ जून
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, वीस तारखेपर्यंत दोष शोधून लेखी द्या. मुख्य कार्यालयाकडे ‘नेटवर्क प्रमुख’ अशी नवी जागा मागतोय, दोष सापडला तर ती तुमची. प्रमुखाला वेगळी केबिन, दाराला काच, काचेवर नाव. मी शांतपणे ‘बघतो’ म्हणालो आणि बाहेर येऊन जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम उतरलो.

संध्याकाळी
सासऱ्यांना फोन करून प्रमुख झाल्याचं सांगितलं. लग्नात त्यांनी साऱ्या पाहुण्यांना ‘जावई कॉम्प्युटरमध्ये काहीतरी करतात’ असं सांगितलं होतं. ते ‘काहीतरी’ अकरा वर्षं माझ्या घशात अडकलंय. आज त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन सासूबाईंच्या हातात दिला. आनंद मावला नसणार. बायको म्हणाली, अहो, आधी होऊ तर द्या. तिला घाईघाईत आनंद करता येत नाही.

गुरुवार, ६ जून
निदान झालं. वायरी. सगळ्या बदलल्या. प्रत्येकीला रंगीत रिबन बांधली, सर्व्हरलाही पाठीमागून एक लाल, रुंद, बो काढून. सर्व्हर-रूम आता बघण्यासारखी दिसते. मग लॅपटॉपवरून सर्व्हरला नावाने हाक मारून पाहिली, म्हणजे जिवंत आहेस का असा निरोप धाडला. ओ ताबडतोब, पापणी लवायच्या आत. इतकी तत्परता मी कुठल्याच सर्व्हरमध्ये पाहिलेली नाही. त्याच मिनिटाला मॅडमचा फोन, की पुन्हा तुटलं. म्हणजे दोष त्यांच्याकडे. तसं मी सौम्य शब्दांत सुचवलं. त्या सौम्य राहिल्या नाहीत.

शनिवार, ८ जून
रजा. अक्कलदाढ काढली. लॅपटॉप घरीच होता, पण उघडला नाही. अर्धं तोंड बधिर असताना निर्णय घेऊ नयेत.

सोमवार, १० जून
मॅडम म्हणाल्या, शनिवारी दिवसभर कनेक्शन अगदी लोण्यासारखं होतं. अर्थात. रिबनींचा गुण यायला एक दिवस लागणारच. आज मात्र दहा वाजून दहापासून पुन्हा तेच. गुण ओसरला.

मंगळवार, ११ जून
नवं निदान. पॅन्ट्रीतला मायक्रोवेव्ह. त्याच्या लहरी. त्यावर बंदीची नोटीस लावली आणि प्लग काढून स्वतःच्या खणात ठेवला. एक ते दोन कनेक्शन उत्तम चाललं. मी मॅडमना विजयी स्वरात कळवलं. त्या म्हणाल्या, एक ते दोन रोजच उत्तम चालतं, बंदीच्या आधीही चालायचं. बायकांना बारीकसारीक गोष्टी फार लक्षात राहतात. मी स्वतः एकच्या ठोक्याला लॅपटॉप मिटून डबा उघडतो, त्यामुळे त्या तासाचा मला अनुभव नाही. अकाउंट्समधले सगळे आज थंड भाजी खात माझ्याकडे बघत होते. प्रमुखाला एकटेपणाची सवय हवी.

शुक्रवार, १४ जून
रजा. मेव्हणीचं घर बदलायचं होतं. कपाट उचलताना सासऱ्यांनी विचारलं, प्रमुखांना अशी मधेच रजा मिळते का. म्हटलं, प्रमुखांनाच मिळते. कपाट पायावर आलं.

सोमवार, १७ जून
तीन दिवस उरले. आता ढिलाई नाही. आठला येऊन बसलो आणि डोळ्यांत तेल घालून पहारा. कनेक्शन आठपासूनच तुटायला लागलं. दोषाला माझा सुगावा लागलाय. मॅडमनी आजचं काम तिसऱ्यांदा पहिल्यापासून केलं. फोनवर त्यांचा आवाज ओला वाटला. मला वाईट वाटलं. मनात ठरवलं, उद्या सातला येईन.

बुधवार, १९ जून. सकाळी ११
मॅडमनी तक्ता पाठवलाय. दोन आठवडे कनेक्शन कधी तुटलं, कधी चाललं, मिनिटासकट. खाली लिहिलंय, सर, ८ आणि १४ तारखेला एकदाही तुटलं नाही, तुम्ही रजेवर असता तेव्हा तिथे कोण बघतं? त्यांना माझे मनापासून आभार कळवा.

तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या पाठीमागे कुणीतरी नेटवर्क दुरुस्त करतंय. काचेवर स्वतःचं नाव बघायचंय त्याला. आज रंगेहाथ पकडणार.

दुपारी ३
लॅपटॉप मिटला, घरी जातो असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या जोरात सांगितलं आणि सर्व्हर-रूममध्ये कपाटामागे दडलो. पाऊण तास. कुणी आलं नाही. फोन करून मॅडमना विचारलं, कुजबुजत. त्या म्हणाल्या, मस्त चाललंय, पण तुम्ही असं का बोलताय. माझा संशय वाढला. टिपण करायला लॅपटॉप उघडला. फोन आला, तुटलं. मिटला. आलं. उघडला. तुटलं. हे मी अकरा वेळा केलं.

मग सर्व्हरच्या पाठीमागची लाल रिबन सोडली. खाली चिठ्ठी चिकटवलेली होती, मुंग्यांच्या अक्षरात. नंबर १०.

दुपारी ४
एका गल्लीत एकाच नंबरची दोन घरं. मॅडमचं काम कधी सर्व्हरकडे, कधी माझ्या लॅपटॉपकडे, आणि तिथे येऊन गायब. आणि मी लॅपटॉपवरून सर्व्हरला मारलेली ती हाक. ओ मीच देत होतो.

लॅपटॉपला नंबर ४७ दिला. तेवढ्याने झालं. मॅडम म्हणाल्या, आता तुटत नाहीये, तुमच्या रजेत बघणारे ते आले का? हो म्हणालो.

गुरुवार, २० जून
तरीही दोष सापडलाय, आणि मीच शोधलाय. जागा माझीच. साहेबांनी एक छापील फॉर्म पुढे ठेवला. तीन रकाने. दोष काय होता. कोणामुळे झाला. कोणी दुरुस्त केला. तिसऱ्या रकान्यात आधी माझं नाव लिहिलं, ठसठशीत. मग दुसऱ्याकडे वळलो. तिथेही तेच नाव येत होतं. पहिला रकाना भरला की दुसरा भरावाच लागतो, आणि दुसरा रिकामा असला की तिसऱ्याला कुणी विचारत नाही. साडेपाचपर्यंत बसलो. चहा तीनदा थंड झाला, गरम करावा तर मायक्रोवेव्हचा प्लग माझ्याच खणात. शेवटी तिसऱ्यातलं नाव खोडलं. सगळ्यात वर लिहिलं, ‘दोष आपोआप गेला’.

घरी बायकोला सगळं खरं सांगितलं. ती आधी खूप हसली, डोळे पुसले, मग म्हणाली, पण काढलात की नाही शोधून, तुम्हीच? हो म्हणालो.

शुक्रवार, २१ जून
साहेबांनी फॉर्म वाचला. खूश झाले. म्हणाले, आपोआप गेला असेल तर प्रमुखाची गरजच नाही, मागणी आजच मागे घेतो. मग माझ्यासमोर शेरा लिहिला : यंत्रणा कोणाच्याही प्रयत्नाविना सुरळीत चालते.

खाली ‘यंत्रणा सांभाळणारे’ म्हणून माझी सही लागत होती. केली. सही चांगली आली.