डावीकडचा सिग्नल

प्रिय शलाका,

फोनवर हे बोलायचा धीर होत नाही, म्हणून लिहितोय.

दिवाळीत तू तो व्हीआर चष्मा घेऊन आलीस, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. बंगळूरहून झाशीपर्यंत एवढं धूड आणायचं, ते काय फक्त रिटायर्ड ड्रायव्हर बापाला इंजिनाची केबिन दाखवायला? पहिल्याच दिवशी मी तुझ्या यंत्राच्या चुका काढल्या. मान वळवली की रूळ क्षणभर उशिरा वळायचे, त्याने गरगरायचं. सिग्नल लांब दिसायचा, पण पडदा नाकाशीच आहे हे डोळ्यांना कळायचं. तू हसून म्हणालीस, "बाबा, आमची सगळी टीम याच दोन गोष्टींशी झगडतेय." मग उजव्या डोळ्यासमोरचं चित्र बंद करून विचारलंस, डावीकडचा सिग्नल कुठला? मला तिथे नुसता करडा पट्टा दिसला. यंत्र खराब आहे, मी म्हणालो.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तू आईला हळूच सांगत होतीस, "आधी त्यांची स्कूटर बंद कर." सकाळी मला म्हणालीस, डोळे दाखवून या. मी काय काय ओरडलो ते तू विसरली नसशील. बापाला आंधळा ठरवून ओरछा गेटजवळचं आपलं घर विकायचा तुझा डाव आहे, हे मी धरूनच बसलो.

चष्मा तू इथेच ठेवून गेलीस. तुझी लबाडी पकडायची म्हणून परवा मी शेजारच्या ताराभाभींना तो घालायला लावला आणि उजवा डोळा मिटायला सांगितला. त्या लगेच म्हणाल्या, "राजाभाऊ, बाईं तरफ लाल सिग्नल तो साफ दिख रहा है!"

काल सिव्हिल लाइन्समध्ये डॉक्टरकडे एकटाच गेलो, रिक्षाने. डाव्या डोळ्यात काचबिंदू आहे. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली औषधाने टिकेल. उजवा डोळा सांभाळून घेत होता, म्हणून मला पत्ता लागला नाही.

पण पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. तुला घर गिळायचंय, असं भूषण तुला बोलला आणि तेव्हापासून तुम्ही बहीणभाऊ बोलत नाही. ते शब्द त्याचे नव्हते. तू गेल्यावर मीच ते त्याच्या कानात भरले होते. आज सकाळी त्याला खरं सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "ताई फोन उचलेल का?" त्याचा फोन आला तर उचल, पोरी. माझा नाही उचललास तरी चालेल.

तुझाच, चुकलेला
बाबा