बुडबुड्याची पाटी बदलण्याबाबत

मी, वय वर्षं एकाहत्तर, मूकपटांत 'बुडबुडा' म्हणून लोकांनी ओळखलेला नट, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहितोय. माझ्यावर कोणाचाही दाब नाही. दाब एकदाच आला होता, तो पाण्याचा. ते कलम तीनमध्ये येईल.

१. राहतं घर बायकोला, तिच्यामागे मुलीला. अट एकच: न्हाणीघराच्या दाराला कडी बसवायची नाही. मुलगी म्हणते, "बाबा, पाहुणे आले की लाज वाटते हो." पाहुण्यांना गाणं म्हणत आंघोळ करायला सांग.

२. शिल्लक जी काय असेल ती मुलीला. ती अकरा सिनेमांची कमाई आहे. पिंप, पेटारा, धुराडं, पियानो, दर वेळी मला कशात तरी अडकवलं. नको म्हटलं की मेहुणे, म्हणजे आमचे दिग्दर्शक, म्हणायचे, "भावोजी, तुम्ही मोकळे फिरलात की कोणी हसत नाही."

३. पहिल्या, टेलिफोनच्या सिनेमाची एकच प्रत उरलीय, माझ्या कपाटात, पत्र्याच्या डब्यात. जुने सिनेमे जपणाऱ्या संस्थेचा माणूस दोनदा येऊन गेला. त्याला द्यावी, पण त्यातली संवादाची एक पाटी बदलून.

त्यात मी काचेच्या खोक्यात उभा राहून टेलिफोनवर बोलतोय आणि बंबवाले वरून पाणी सोडतात. पाणी गुडघ्याला लागलं की मी दार ढकलून बाहेर घसरायचं, असं ठरलं होतं. दाराचं लाकूड फुगलं. दार हलेना. पाणी छातीशी आलं, मग हनुवटीशी. मी काचेवर बुक्क्या मारत ओरडलो, "दार अडकलंय! खरंच अडकलंय!" बाहेर मेहुणे पोट धरून हसत होते. "वा भावोजी! अजून!" शेवटी सेटवरच्या सुतारानं दारावर कुऱ्हाड घातली. लोक तिथंच सगळ्यात जास्त हसतात.

मी ओरडलो की पडद्यावर पाटी येते. मजकूर मेहुण्यांचा, अक्षर माझ्या बायकोचं: "जरा मोठ्यानं बोला हो, ऐकू येत नाहीये!"

चव्वेचाळीस वर्षं ते वाक्य माझ्या तोंडी आहे. नातवंडंही मला बघितलं की तेच ओरडतात. मी हसतो. मी अजून आतच आहे.

गेल्या महिन्यात बायकोला पहिल्यांदा सांगितलं.

"अहो, मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोललो होतो. तू पाटी रंगवलीस."

दोन दिवसांनी म्हणाली, "माझं अक्षर कापतं आता."

"कापू दे. माझाही आवाज कापत होता."

तरी नवी पाटी तिनंच रंगवावी: "दार अडकलंय. खरंच अडकलंय." त्यावरही लोक हसले, तर हसू द्यावं.

४. त्या सिनेमातल्या टेलिफोनचा रिसीव्हर मेहुण्यांना. त्यांना हल्ली अजिबात ऐकू येत नाही. वाईट वाटतं. थोडंच.

५. ती कुऱ्हाड माझ्या खाटेखाली आहे. सुताराची सुताराला परत. त्याचीच वस्तू आहे; तो साक्षीदार आहे, त्याला वारस धरू नये. मला ज्यात घालून न्याल त्याला झाकण असेल, तर ते लागल्यावर त्यानं कुऱ्हाड घेऊन जरा वेळ शेजारी उभं राहावं. उगाच.

ठिकाण: माझी खोली, दार सताड उघडं. तारीख: अठरा, सोमवार, सकाळ.

सही: बुडबुडा

साक्षीदार १: सुतार.

साक्षीदार २: कॅमेऱ्याचा दांडा फिरवणारा. त्या दिवशीही साक्षीदारच होता, हात थांबवला नव्हता. सही करण्याआधी त्यानं हे सगळं वाचून दाखवलं. कलम तीन दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्यानं.