पुडीवरच्या गोष्टी कुणाच्या

प्रिय अप्पा,

बोरू माझ्या हातचा. काळी शाई माझ्या हातची. हिरडा, हिराकस, बाभळीचा डिंक, आणि कढई लोखंडाचीच. पत्र्याचं ताट मी ठोकलं, त्यात सरस आणि ग्लिसरीन मी ओतलं. त्यावर लिहिलेलं पान दाबलं की तीसेक प्रती निघायच्या. त्याला लागणारी जांभळी शाई तेवढी हैदराबादहून आणलेली, ते कबूल. मोडी, बाळबोध, उर्दू, सगळं शाळेची पायरी न चढता मीच मला शिकवलं. आणि गोष्टी. त्याही माझ्याच. हे शेवटचं तुम्हाला मुद्दाम सांगायला बसलोय.

आजच का? पुण्याच्या एका पुस्तकवाल्याचा माणूस धर्मशाळेत उतरलाय. माझ्या गोष्टींचा सगळा गठ्ठा त्याला हवाय, पण त्याच्या अटींवर. दिवस मावळायच्या आत त्याची बैलगाडी गंगाखेडच्या स्टेशनाकडं निघणार. तोवर हो की नाही ते सांगायचंय. अशा वेळी मी कुठं यायचो? तुमच्या दुकानाच्या ओट्यावर. तुम्ही चैत्रात गेलात, समाधी दिली, आणि तुमच्या पोरानं, बसलिंगनं ओट्यावर तेलाचे डबे मांडलेत.

पहिली गोष्ट वाचली तेव्हा तुम्ही डोळे मिटून बसला होता, आठवतं? मला वाटलं, रंगलात. वाचून झालं तर म्हणालात, "किसन, मधीच मला तंबाखूची याद आली बघ. कुठं आली ते पान दुमडून ठेव."

मला राग आला होता. तहसिलीसमोर चटई टाकून लोकांचे उर्दू अर्ज लिहिणारा मी. मुन्सफसाहेब माझ्या अक्षराला मान डोलवायचे. आणि मला किराणा दुकानदार शिकवणार? पण घरी जाऊन ते पान वाचलं. नायिकेच्या लुगड्याचं वर्णन होतं, काठापदरासकट. फाडून टाकलं. मग आपली रीतच पडली. मी वाचायचं, ओट्यावरच्यांनी ऐकायचं, आणि ज्याचा हात तंबाखूच्या चंचीकडं गेला त्याला काही न विचारता मी पान दुमडायचं. विचारलं की माणूस भिडेपोटी छान म्हणतो.

पुडीची युक्तीही तुमचीच. मराठी छापायला सरकारची परवानगी लागायची, सभा भरवून वाचायलाही परवानगी लागायची; मी कपाळाला हात लावून बसलो होतो. तुम्ही म्हणालात, "पुडी बांधायला कोणाची परवानगी लागती?" झालं! साखर, चहा, सुपारी माझ्या गोष्टींत बांधून सोनपेठच्या बाजारातून गावोगाव जायला लागली.

पहिल्याच बाजारी घोटाळा केलात. शेवटचं पान आधी बांधून दिलंत. पुढच्या बाजारी एक बाई भांडायला आली, की नवरी विहिरीत पडली म्हणता, पण ती कोण कुठली? मी तुमच्यावर चिडलो. तुम्ही तराजू खाली न ठेवता म्हणालात, गिऱ्हाईक काय पहिल्या पानापासून मीठ नेतंय का? तेव्हा उमगलं. पान असं लिहायचं, की तेवढं एकच हाती आलं तरी माणूस कोण आणि त्याचं काय अडलंय ते कळावं. आणि पुढचं मागायला गिऱ्हाईक परत यावं. गुळाच्या पुडीवर महत्त्वाचं लिहायचं नाही, पोरं चाटून टाकतात. अर्जात दुःख पहिल्या ओळीत मांडावं लागतं. गोष्टीत ते होता होईल तो धरून ठेवायचं. कुठल्या पंडितानं शिकवलं असतं हे?

पण एक राग आहे, अप्पा. पुडीवर मला नाव घालू दिलं नाहीत. माल चोख असला की नाव आपसूक कळतं, म्हणायचात. कळलं? पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेलो, तर ओवरीत एक म्हातारी सुनांना माझीच गोष्ट सांगत होती. ही कुणाची, म्हणून विचारलं.

"आप्पाच्या दुकानची हाय, बाबा. तितल्या चहासंगट येती."

लिहिणारा कोण आणि तो समोरच उभा आहे, हे मी तिला नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, "असंल."

मग पुडी पोलीस चौकीच्या अमीनसाहेबांच्या हाती लागली. चौकीवर बोलावणं तुम्हाला आलं. दुकान माझं, कागद माझा, लिहिणाराही मीच, असं सांगून मोकळे झालात. तुम्ही! सही करताना ज्यांची जीभ बाहेर यायची ते! आणि पुढं दर बाजारी चौकीवर हजेरी देत राहिलात, अंगात ताप असतानासुद्धा. मला का नाही सांगू दिलंत? "तुला अजून लिहायचंय," एवढंच म्हणालात.

तुम्ही गेल्यावर प्रकरण मिटवायचं, तर अहवाल लिहायला अमीनसाहेबांनी बोलावलं मलाच. ते सांगू लागले, मी लिहू लागलो. 'मयत गुरुलिंगप्पा, किराणा दुकानदार, सदर किस्से लिहिणारा.' हात तिथंच थांबला. बोरू खाली ठेवून म्हणालो, "जनाब, लिहिणारा मयत नाही. समोर बसलाय."

ते म्हणाले, "अरे किसन, चुप बैठता तो तेरा क्या जाता था?"

काय जात होतं, ते त्यांना कसं सांगणार? आता हजेरी माझी. चटई उचलायला लावली. तालुक्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, लिहिलेलं चिठोरं कुणाला द्यायचं नाही. घर आणि चौकी, चौकी आणि घर. बसलिंग म्हणाला, "काका, वट्यावर नका बसू. मला लेकरंबाळं हायत." त्याचंही खरंच आहे. गोष्टी पेटीत, आणि मी पेटीबाहेर असलो तरी फरक काय?

पुण्याचा माणूस वाईट नाही. त्यानं एका बैठकीत चार गोष्टी वाचल्या, पानाच्या डब्याला हात लावला नाही. मी बघत होतो! पण आपल्या बाया 'काय करायलायस' म्हणतात, ते पुण्याकडं शुद्ध करून घेणार. आणि वर नाव तिकडच्या एका खपणाऱ्या लेखकाचं. निजामाच्या मुलखातल्या अर्जनवीसाचं नाव बघून पुस्तक कोण हातात धरील, असं तो अगदी मऊपणानं म्हणाला. शिवाय माझ्यावरचं बालंटही टळेल, म्हणाला. आमची कारभारीण सरू चुलीपुढून बोलली, "द्या की. नाव काय तव्यावर टाकायचंय?"

तुम्ही असता तर काय म्हणाला असता? दुपारभर तेच विचारतोय. ही एकच गोष्ट तुम्ही मला ऐकवल्याशिवाय गेलात.

तरी शब्द देतो, अप्पा. या गोष्टी छापून निघतील तेव्हा आपल्या बोलीत निघतील, वर माझं नाव असेल, आणि खाली 'मिळण्याचं ठिकाण' म्हणून तुमचं दुकान. मग बसलिंगला आवडो न आवडो. तोवर पेटीत राहतील, मीही इथंच राहीन.

आत्ताच धर्मशाळेत जाऊन आलो. गाडी जुंपून तयार होती. अट तीच: गोष्टी त्यांच्या, नाव त्यांचं, आणि रोख माझ्या हातात. नको म्हणून आलोय. दोनशे रुपये देत होता. आपले निजामी हाली नव्हेत, इंग्रजी कलदार.

तुमचा,
किसन नारोबा
गोष्टी लिहिणारा, सोनपेठ