आईसाठी वीस क्लिक

३ जानेवारी, शनिवार. सकाळी ११.
नागपूरले पोचलो. कोइम्बतूरपासून बसून बसून पाय सुजले. आजपासून लॉगबुक सुरू. तिकडे आमच्या रेस गॅरेजमध्ये हरेक गाडीची वही असते. तारीख, टायरची हवा, सेटिंग, बसणारा काय बोलला ते. मी पण तशीच ठेवीन.

कामं दोन आहेत. आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, तिले आठ वेळा सक्करदऱ्याले फिजिओथेरपीले न्यायचं, सोम-बुध-शुक्र. बाबांच्या डाव्या डोळ्याची नजर गेल्यापासून ते गाडी चालवत नाहीत, म्हणून मले सुट्टी काढायले लावली. दुसरं, १८ तारखेले कन्हानच्या पुढे बंद पडलेल्या कोळसा डेपोच्या मैदानावर टायमिंगची स्पर्धा आहे. सिमेंटवर प्लास्टिकचे कोन मांडून ट्रॅक करतात. दोन्ही कामं आपल्या जुन्या झेन गाडीनं करायची.

डॉक्टरनं सांगितलं आहे, सहा आठवडे पाठीले धक्का लागू द्यायचा नाही, लागला तर परत ऑपरेशन. धक्का म्हणजे सस्पेन्शन. सस्पेन्शन म्हणजे आपली लाइन. बरं झालं मलेच बोलावलं.

४ जानेवारी, रविवार.
आपल्याच नंदनवनात नानाजीच्या गॅरेजमध्ये झेन वर उचलली. ॲडजस्टेबल शॉक ॲब्सॉर्बरचा सेट मी ट्रेनमध्ये मांडीवर घेऊन आणला. एका गिऱ्हाइकाच्या रेसच्या गाडीतून निघालेला, बॉस म्हणे घेऊन जा. शॉकच्या टोकाले एक बटन असते, फिरवलं की टिक टिक वाजते. त्याले क्लिक म्हणतात. चोवीस क्लिक. एका टोकाले पूर्ण नरम, दुसऱ्या टोकाले पूर्ण कडक.

स्प्रिंगच्या दोन जोड्या आहेत. एकीवर ८ लिहिलं आहे, एकीवर ५. म्हणजे एक मिलिमीटर दाबायले आठ किलो, नाहीतर पाच किलो. ओरिजनल स्प्रिंगले दोनच लागत असतील. आठची ट्रॅकसाठी, पाचची रोडसाठी. प्लॅन असा की आत्ता पाचची टाकायची, १७ तारखेले आठची. पण बदलायले अर्धा दिवस जाते. म्हणून आठचीच टाकून दिली. बाकीचं बटनानं होऊन जाते. नाहीतर ॲडजस्टेबल कशाले म्हणतात.

तिकडे गॅरेजच्या फळ्यावर लिहिलं आहे: रोड २०, ट्रॅक ६. माझ्या मोबाइलमध्ये फोटो आहे. रोडवर खड्डे जास्त, म्हणून आकडा जास्त. साधं लॉजिक आहे. बटन पूर्ण नरम केलं आणि तिथून वीस क्लिक मोजले. चारही चाकं.

नानाजीनं विचारलं, तू तिकडे सस्पेन्शनवरच असते का गा? मी म्हटलं, रोज तेच पाहतो. तो म्हणे, पाहणं वेगळं. जुने माणसं नवीन वस्तूले घाबरतात. ओरिजनल शॉक आणि स्प्रिंग त्यानं भंगारात टाकू दिले नाहीत, भिंतीले टेकवून ठेवले.

बाबांनी बोनेटचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून पाहिला. चाळीस वर्षं हातमागावर धाग्याचा ताण पाहत आले, त्यांले वाटते सगळं हातानं समजते. म्हणे, हे तर दबूनच नाही राहिलं. मी म्हटलं, तीच क्वालिटी आहे.

५ जानेवारी, सोमवार.
पहिली ट्रिप. सेटिंग २०. हवा ३२. आई आणि बाबा मागच्या सीटवर. सिमेंट रोडच्या प्रत्येक जोडावर टक्क, टक्क, एकदम साफ आवाज. आधीसारखा ढिला ढिला नाही. आई पूर्ण रस्ताभर काहीच बोलली नाही. म्हणजे तक्रार नाही.

उतरल्यावर दार धरून पाच मिनिटं उभी होती. ऑपरेशननंतर असं होते.

७ जानेवारी, बुधवार. दुपारी १.
आईनं दोन उशा आणल्या. एक खाली घेतली, एक पाठीमागे. उशा असल्या की सस्पेन्शनचा खरा अंदाज येत नाही, पण म्हटलं राहू दे.

सक्करदऱ्याच्या तलावाजवळ तिनं विचारलं, "बाबू, जरा हळू जमते का?"

मी समजावून सांगितलं की हे शॉक स्पीडसाठी बनले आहेत, हळू चालवलं तर ते कामच करत नाहीत. ती हो म्हणे. बाबा खिडकीतून बाहेर पाहत होते.

टायरची हवा २८ केली. उद्या पाचची स्प्रिंग टाकतो. पक्कं.

८ जानेवारी, गुरुवार.
नानाजीकडे तीन गाड्या आधीच लागल्या होत्या. थांबलो असतो तर संध्याकाळ झाली असती. तेवढ्यात कन्हानले जाऊन मैदान पाहून आलो. मैदान चांगलं आहे. सपाट, फक्त कोळशाची भुकटी आहे थोडी. आल्यावर बूट धुतले. स्प्रिंग शनिवारी.

९ जानेवारी, शुक्रवार.
तिसरी ट्रिप. धक्के अजून लागून राहिले असं बाबा म्हणे. धक्के जास्त, म्हणून निघायच्या आधी दोन क्लिक वाढवले. आता २२.

आईच्या डोळ्यांत पाणी होतं. काच उघडी होती, त्या रोडवर धूळ असते.

तिथे फिजिओथेरपीच्या मायामॅडम आहेत, त्यांनी मले आत बोलावलं. म्हणे, सोमवारपेक्षा आज पाठ जास्त ताठली आहे, तुम्ही यांले कशात आणता? मी शॉकची पूर्ण माहिती दिली, मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी फोटो पाहिला नाही. म्हणे, दुसऱ्या कशात तरी आणा. मॅडम शिकलेल्या आहेत पण गाडीतलं त्यांले समजत नाही.

१० जानेवारी, शनिवार.
जेवायले वांग्याची भाजी होती, बाबांनी केलेली. आई आतमध्ये आडवी होती. दीड वर्षानं घरी आलो तर मले काहीतरी वाटायले पाहिजे होतं असं वाटते. तसं काही वाटलं नाही. दोन भाकरी खाल्ल्या.

स्प्रिंग राहिली. नानाजीच्या नात्यात लग्न होतं.

१२ जानेवारी, सोमवार. सकाळी ११.
साडेनऊले चाबी घेऊन अंगणात आलो तर आई निघून गेली होती. आपल्याच गल्लीतली वंदनाताई ई-रिक्षा चालवते. बाबांनी तिले कालच सांगून ठेवलं होतं. मले कोणी सांगितलं नाही.

ई-रिक्षाले सस्पेन्शन म्हणजे काय, तर लोखंडी पट्टे. बटन नाही, काही नाही. मी झेन घेऊन मागे मागे गेलो, तुलना म्हणून. बारा मिनिटांचा रस्ता तिनं पस्तीस मिनिटं चालवला. एका सायकलवाल्या आजोबांनी तिले ओव्हरटेक केलं. ब्रेकर आला की ती थांबते, रिक्षा तिरपी करते, मग एक चाक चढवते, मग दुसरं. मागून सगळे हॉर्न देत होते. मी पण एकदा दिला.

आई हसत होती. सेंटरवर उतरल्यावर दोघींले विचारलं, काहून हसून राहिल्या? वंदनाताई म्हणे, "तुमचीच गोष्ट चालली होती अश्विनभाऊ. लहानपणी तुमचा पाळणा हळू हलवला की रडायचे म्हणे. जोरात पाहिजे."

मले काही आठवत नाही.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.
आई ई-रिक्षातच गेली. मी गच्चीवर होतो. आकाशात पतंगच पतंग. मी उडवली नाही. आल्यावर आईनं तिळगूळ दिला. तिले म्हटलं, शुक्रवारी माझ्यासोबत चल, नवीन सेटिंग शोधली आहे. पाहू म्हणे.

सेटिंग अजून शोधायची आहे.

१६ जानेवारी, शुक्रवार.
वंदनाताई. एकूण सहा ट्रिपा झाल्या, माझ्या तीन, तिच्या तीन. पाचची स्प्रिंग आता स्पर्धेनंतरच टाकीन. आठवर हात बसला आहे, ऐन वेळेवर बदलणं बरोबर नाही. रविवारी नाव आलं तर घरच्यांले पण समजून जाईल की मी काय काम करतो.

१८ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ५. कन्हान.
सकाळी फळ्याप्रमाणे ट्रॅकचं सेटिंग केलं. पूर्ण नरमवरून सहा क्लिक.

पहिल्या वळणावर गाडी होडीसारखी एका बाजूले झोपली. दुसऱ्या वळणावर दुसऱ्या बाजूले. नऊ कोन पाडले. एक कोन गाडीखाली अडकून शेवटपर्यंत सोबत आला. अठ्ठावीस गाड्यांत सत्ताविसावा नंबर. अठ्ठाविसावी गाडी स्टार्ट झाली नाही.

सिमेंट उन्हानं तापलं होतं, त्याचा परिणाम असते.

माझ्या बाजूले भूमिका नावाची मुलगी होती, तिचा पाचवा नंबर आला. जुनी हॅचबॅक, स्वतःच पाना घेऊन बसते. ती म्हणे, दादा, किती क्लिक आहे? मी म्हटलं सहा. तिनं वाकून बटन फिरवून पाहिलं, मग परत फिरवून पाहिलं. म्हणे, आधी पूर्ण कडक बंद करायचं असते, तिथून मागे मोजायचं. सहा म्हणजे कडकपासून सहा. तुम्ही नरमकडून मोजून राहिले. तिनं विचारलं, रोडवर किती ठेवता? मी सांगितलं, वीस, मग बावीस.

ती हसली नाही. म्हणे, "ट्रॅकवर गादी आणि रोडवर दगड. कोणी बसते का रोडवर तुमच्या गाडीत?"

मी म्हटलं, "कोणी नाही."

मोजायच्या दोन पद्धती असतील. कन्हानहून घरी येईपर्यंत गाडी एकदम आरामात आली. हे पण लिहून ठेवतो.

१९ जानेवारी, सोमवार. दुपारी १२.
कोइम्बतूरले हेड मेकॅनिकले फोन केला. हिंदीत विचारलं, क्लिक कुठून मोजता? तो म्हणे, बंद करून मोजतात, दुसरं कुठून मोजणार. मग म्हणे, तुले काय करायचं आहे क्लिकचं, शनिवारी ये, चाकांचे बारा सेट धुवायचे पडले आहेत.

मी सध्या चाकं धुतो. ते घरी सांगायची गरज पडली नाही. धुता धुता फळा दिसतो.

हिशेब केला. चोवीस क्लिकमधून बावीस. म्हणजे ९ तारखेले आई पूर्ण कडकपेक्षा फक्त दोन क्लिक कमी अशा गाडीत बसून गेली. वरून आठची स्प्रिंग. परत हिशेब केला, तेवढाच आला.

आज सातवी ट्रिप वंदनाताईची. बाबा दारात उभे राहून दोघींले जाताना पाहत होते. मी आत होतो.

२० जानेवारी, मंगळवार.
सकाळी आठले नानाजीकडे जाऊन बसलो. त्यानं जॅक लावून दिला. पाचची स्प्रिंग टाकली. बटन पूर्ण कडक बंद केलं, तिथून वीस क्लिक मागे. चारही चाकं दोनदा मोजली. मग स्टीलच्या गिलासात पाणी भरून मागच्या सीटवर ठेवलं आणि सक्करदऱ्यापर्यंत चार चकरा मारल्या. नंदनवन ते सेंटर अकरा ब्रेकर आहेत. चौथ्या चकरेत सीटवर एक थेंब नव्हता. स्पीड वीस ठेवला होता. हळू चालवलं तरी शॉक काम करतात.

घरी आईले म्हटलं, उद्या शेवटची आहे, माझ्यासोबत चल. क्लिक उलटे मोजले गेले होते, आता सरळ आहेत. बाबा म्हणे बिल्कुल नाही, वंदनाले सांगितलं आहे. मी म्हटलं ठीक आहे.

आई आतून म्हणाली, "नेऊ द्या त्याले. परवा चालला तो."

२१ जानेवारी, बुधवार. दुपारी २.
आठवी ट्रिप. स्प्रिंग ५, क्लिक २०, हवा २८, स्पीड वीस. आई एकटी मागे. उशा नाही घेतल्या.

पहिल्या ब्रेकरच्या आधी आरशात पाहिलं. आईनं खिडकीवरचं हँडल दोन्ही हातांनी पकडलं, डोळे मिटले आणि सीटवरून स्वतःले वर उचललं. गाडी ब्रेकरवरून लोण्यासारखी गेली. मग ती खाली बसली. मी म्हटलं, पाहिलं, लागत नाही आता. ती म्हणे, हो, नाही लागला. दुसऱ्या ब्रेकरले परत उचललं. जाताना अकरा वेळा.

मायामॅडम म्हणे, ऑपरेशनची पाळी येत नाही आता. पण पहिल्या आठवड्यात पाठ आखडून गेली होती, ते भरून काढायले अजून चार वेळा यावं लागेल, आणि हातानं लटकून उठायचं नाही, त्यानं टाके ओढले जातात. आई हो म्हणे. तारखा मॅडमनं वंदनाताईले फोनवर सांगितल्या. मी उद्या जातो.

येताना मी ब्रेकर आला की आधी सांगत होतो, धीरे घेऊन राहिलो, बसून राहा. ती बसायची. ब्रेकर जवळ आला की हात वर जायचे. चौथ्या ब्रेकरच्या आधी गाडी बाजूले लावली, मागे वळून म्हटलं, आई, नको उचलू आता, खरंच काही होत नाही.

ती म्हणाली, "मले माहीत आहे बाबू. पाठीले माहीत नाही अजून."

मी गिअर टाकला. चौथा गेला. घरापर्यंत अजून सात होते.