वगळलेली छायाचित्रं

अप्पा,

तुमच्या पेट्या आज दुपारी जाणार आहेत. हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यातून आलेली मुलगी आणि तिचा भाऊ टेम्पो घेऊन येतील, आणि मी सकाळपासून या खोलीतून त्या खोलीत नुसती फेऱ्या मारते आहे. बांधलेली पेटी सोडून पुन्हा तपासली, पुन्हा बांधली. कॉफी दोनदा गार झाली. शेवटी टेबलाशी बसले आणि हे लिहायला घेतलं. निदान हात तरी एका जागी राहतील.

लग्नाआधी तुम्ही त्या खोऱ्यात रस्त्याच्या कामावर ओव्हरसियर होतात, एवढंच मला लहानपणी ठाऊक होतं. आईने तो मुलूख कधी पाहिला नाही, मीही अजून पाहिलेला नाही. तरी तिथली सपाट मातीची छपरं, बर्फाने बंद झालेली खिंड, बटाट्याच्या शेताशी उभ्या बायका हे सारं तुमच्या रोजनिशांमधून, पत्रांमधून आणि फोटोंमधून मला इतकं ओळखीचं झालं आहे की चेन्नईत, नुंगंबाक्कममधल्या माझ्या स्वतःच्या गल्लीविषयी मी तेवढ्या खात्रीने बोलू शकणार नाही. आता तिथल्या गावकऱ्यांनी स्वतःचं छोटं संग्रहालय मांडायला घेतलं आहे. जुन्या दिवसांचे फोटो त्यांच्याजवळ जवळजवळ नाहीतच. त्या काळी तिथे कॅमेरा असे तो बाहेरून आलेल्या माणसाजवळ. त्या मुलीने पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी कळवलं की संग्रह अद्याप तयार नाही. पुढेही प्रत्येक वेळी तेच कळवलं. ते खोटं नव्हतं. जन्मभर इतिहास शिकवलेल्या बाईने गावाचं नाव अंदाजाने लिहिलेला फोटो दुसऱ्याच्या हाती द्यावा, हे मला पटणारं नव्हतं आणि आजही नाही. मात्र दर पावसाळ्यात या शहराची दमट हवा तुमच्या निगेटिव्ह खात होती. डबा उघडला की आंबलेल्या लोणच्यासारखा भपकारा यायचा. शहराबाहेरच्या आवडी गावाहून धाकटा भाऊ यायचा, नाकाला रुमाल लावायचा आणि म्हणायचा, “ताई, अगं या फोटोंना तू डॉक्टरेट देऊनच सोडणार आहेस का? तोवर त्यांच्यावर बुरशीच उरेल.” मी त्याला जेवायला वाढत असे.

लग्नानंतरच्या तुमच्या नोकरीतल्या, आवडीच्या क्वार्टर्समधलं स्वयंपाकघर मला आजही वासाने आठवतं. रविवारची दुपार आहे. आई भांडी आवरते आहे आणि तुम्ही खिडकीवर खोऱ्यातून आणलेली ती जाडजूड लोकरीची घोंगडी टांगता आहात. बाहेर ऊन रणरणतं आहे, आत लाल दिवा, स्टोव्ह नुकताच विझलेला, तुमच्या पाठीवरून घामाच्या धारा. तीन ताटल्यांत फोटो धुण्याची तीन पाणी. “उद्याच्या भाताला पुन्हा औषधाचा वास आला तर मी तोच भात तुमच्या साहेबांना डब्यातून पाठवीन,” असं आई दाराबाहेरून म्हणते. तुम्ही हसत नाही. तुम्ही काम करताना कधीच हसत नसा, आणि तुम्ही सदैव कामच करत असा. कागद पाण्यात बुडतो, हळूहळू डोंगराची एक कड वर येते, आणि मी श्वास रोखून उभी असते. पुढे मी पुष्कळ ग्रंथालयं पाहिली, परदेशातलीही. तसा श्वास कुठे रोखला गेला नाही.

अशाच एका सुट्टीत तुम्ही मला कॅमेरा हातात दिला होता. तुम्ही आणि आई क्वार्टरच्या पायऱ्यांवर उभे होतात. त्या फोटोत पायऱ्या उजवीकडे घसरल्या, आईचा खांदा कापला गेला. छापलेला कागद चिमट्यात धरून तुम्ही म्हणालात, “तिरका आहे. सरळ दिसत नसेल तर बटण दाबू नये. फिल्म झाडाला लागत नाही.” आणि कॅमेरा वरच्या खुंटीला गेला. मला राग आला नव्हता. तुमचं म्हणणं बरोबर होतं. पुढे विद्यार्थ्यांचे प्रबंध मी याच न्यायाने परत पाठवले, आणि त्यांतले काही जण आज चांगल्या हुद्द्यांवर आहेत.

म्हणूनच तुम्ही गेल्यावर तुमचा संग्रह लावताना मी एक पाकीट बाजूला काढलं होतं. धूसर, कललेले, डोकी उडालेले, कुणाचं बोट भिंगावर आलेले फोटो. त्यांतल्या काहींत तुम्हीच होतात, हे मी पाहिलं होतं. कुणी कॅमेऱ्याशी खेळलं असेल आणि तुम्हाला कागद टाकवत नाही म्हणून ठेवले असतील, असा निष्कर्ष काढून मी पाकिटावर ‘वगळलेली’ असं लिहिलं आणि त्यांना क्रमांक दिले नाहीत. क्रमांक नाही म्हणजे पेटीत जायचे नाहीत.

परवा ती मुलगी पहिल्यांदा घरी आली. केस आखूड कापलेले, चपला दाराबाहेर नीट लावून ठेवलेल्या. मला बरी वाटली. मी अल्बम उलगडत गेले, ती पानं पाहत गेली. कौतुक करील अशी माझी अपेक्षा होती. शेवटचं पान मिटून ती म्हणाली, “मॅडम, बुरा मत मानिए, पर इनमें सब ऐसे खड़े हैं जैसे थाने में बुलाया हो।” मी म्हणाले, त्या काळची पद्धत होती, आणि माझे वडील शिस्तीचे होते. “शिस्तीचे?” तिने तो मराठी शब्द तसाच उचलला आणि हसली. “दादाजी तो कहते हैं, ओवरसियर बाबू जितना हँसोड़ आदमी घाटी में दूसरा नहीं आया।”

हँसोड़, अप्पा. म्हणजे हसण्याहसवण्यात रमणारा. मी तिला म्हणाले की तिच्या आजोबांची कुणा दुसऱ्याशी गल्लत होत असावी. आणि मग, तिला खोटं पाडावं या एकाच हेतूने, मी ते पाकीट आणून टेबलावर उलटं केलं.

ती हसत सुटली. छपरावरचं बर्फ लाकडी फावड्याने खाली लोटणारी माणसं, आणि त्यांच्यात कमरेपर्यंत रुतलेले तुम्ही. कुणाचं तरी रडकं पोर डोक्यावर घेऊन नाचणारे तुम्ही. तोंड पूर्ण उघडं, दात दिसताहेत, डोळे मिटलेले. मी हे फोटो कितीदा हाताळले होते. फक्त कड तिरकी आहे हे पाहिलं होतं. मुलीने फोनवरून लगेच व्हिडिओ लावला आणि एकेक फोटो पडद्यासमोर धरला. पलीकडे लोकरीची टोपी घातलेला एक म्हातारा चेहरा, तिचा आजोबा, तुमच्या रस्त्याच्या टोळीतला. “ये मैंने खींची है!” तो ओरडला. “ये भी मैंने! मैं डरता था, इतना महँगा डिब्बा। बाबू बोलते, दबा दे, जैसी आएगी आने दे।”

जैसी आएगी आने दे. हे वाक्य तुम्ही म्हणू शकत होतात, हे मला सहन होईना. ज्याला म्हणालात त्याचा हेवा वाटला, या वयात, एका दातपडक्या म्हाताऱ्याचा. पाकीट मिटून घ्यावं, चहा द्यावा, मुलीला वाटेला लावावं असं मनात आलं. हे फोटो तिला दिले नसते तरी कुणी दोष दिला नसता. ते यादीत नव्हतेच.

काल दिवसभर मी ती यादी पुन्हा लिहिली. ‘छायाचित्रकार’ या रकान्यात सगळीकडे तुमचं नाव होतं. पाकिटातल्या फोटोंना क्रमांक दिले आणि त्यांच्यापुढे त्या म्हाताऱ्याचं नाव घातलं. काही गावांसमोरचा रकाना कोराच आहे. ते लोक भरतील, किंवा भरणार नाहीत. कोऱ्या रकान्यांसह मी आजवर काहीही हातावेगळं केलेलं नाही, आणि पेटी पुन्हापुन्हा सोडून पाहण्याचं खरं कारण बहुधा तेच असावं.

हे पत्रसुद्धा तुमच्या कागदांत ठेवावं असा विचार आला होता. पण मग त्याला क्रमांक द्यावा लागेल, आणि कुणीही मागवून वाचील. तेव्हा ते माझ्या खणात राहील.

एक सांगायचं राहिलं. फोन ठेवण्याआधी म्हाताऱ्याने विचारलं, “बाबू कहाँ हैं? बुलाओ ना, ज़रा सूरत तो दिखाएँ।” मुलगी हळूच मला म्हणाली, “मॅडम, सौ बार बताया है। दादाजी भूल जाते हैं।” तिने फोन माझ्या हाती दिला. तो चेहरा पडद्याच्या अगदी जवळ आला होता, तुम्हाला शोधत. मी म्हणाले, “अभी बाहर गए हैं।”

“अच्छा,” तो म्हणाला. “आएँ तो बोलना, अब छत पर पहले जैसी बर्फ नहीं पड़ती। फावड़ा कोने में पड़ा है।”

सांगते, असं मी कबूल केलं होतं.